गृहस्थाचा व्यवहार : जुनी मोटार घेण्यापूर्वी

सोयाबीनचा हंगाम आटोपत आलेला असतो, तुरीला अजून अवकाश असतो, लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या सुरू होतात, आणि याच सुमारास मेहकरच्या पेठेत जुन्या मोटारींच्या गोष्टी निघू लागतात. कुणाच्या मुलाने पुण्याला नवी गाडी घेतली म्हणून जुनी गावाकडे आलेली असते, कुणी जालन्याहून किंवा अकोल्याहून एखादी ‘फक्त घरगुती वापरातली’ आणलेली असते. मध्यम व्यापारी कुटुंबाला असा सौदा सोयीचा वाटतो, आणि बहुधा तो सोयीचा असतोही. मात्र त्यासाठी दुकानातून निघणारे तीन-चार लाख रुपये हे शिलकीतले नसतात. ते पुढच्या खरेदीचे भांडवल असते. गाडी घेतल्यावर सहा महिन्यांत इंजिनचे काम निघाले, तर तोटा एकदा होत नाही; गाडीत एकदा होतो आणि हंगामात हात आखडल्यामुळे दुसऱ्यांदा होतो.

शिवाय आपल्या घरांतील मोटारीचा उपयोग काही वेगळा आहे. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला वृद्धांना घेऊन निघालेली गाडी मालेगावच्या अलीकडे बंद पडली, तर प्रश्न केवळ उशिराचा राहत नाही. सूर्य मावळण्यापूर्वी घर गाठायचे असते. चौविहार करणाऱ्या आजींना पाणीसुद्धा मग दुसऱ्या दिवशीच. म्हणून गाडीचा रंग आणि आसनांची खोळ यांपेक्षा तिचे इंजिन आणि गिअरपेटी यांची पारख कुटुंबातील एका तरी माणसाला असणे आवश्यक आहे. ही पारख मिस्त्रीचीच मक्तेदारी आहे असे नाही. धान्य मुठीत घेऊन ओलावा ओळखणाऱ्या माणसाला ती सहज साधते.

पहिला नियम हा की, गाडी सकाळी आणि थंड अवस्थेत पाहावी. घेणारा येण्यापूर्वीच मालकाने ती सुरू करून ठेवली असेल, तर बॉनेटवर हात ठेवताच ते कळते. अशा वेळी काही न बोलता दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्यावी. झिजलेल्या इंजिनचे अर्धे दोष पहिल्या मिनिटात उघडे पडतात आणि तापल्यावर झाकले जातात. पौष महिन्यातील मेहकरची पहाट या परीक्षेला फार चांगली.

किल्ली फिरवल्यावर, पण इंजिन सुरू होण्यापूर्वी, समोरच्या फलकावर ऑईलचा लाल दिवा आणि इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर दोन्ही विझले पाहिजेत. न विझणारा दिवा दोष दाखवतो हे सर्वांना ठाऊक असते. न लागणारा दिवा त्याहून वाईट, हे थोड्यांच्या लक्षात येते. तो कुणीतरी मुद्दाम निकामी केलेला असू शकतो.

सुरू करण्याआधी ऑईलची पट्टी काढून पाहावी. डिझेल गाडीचे ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते, त्यात वावगे काही नाही. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर गाडी ऑईल खाते किंवा मालक गाडीकडे पाहत नाही; दोन्ही गोष्टी किमतीत धरण्याजोग्या आहेत. ऑईल भरण्याच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढुरका थर दिसला, तर ऑईलमध्ये पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. हेड गॅस्केट गेल्याचे ते प्रमुख लक्षण आहे. येथे थोडा विवेक हवा. घर ते दुकान एवढ्याच अंतरावर चालणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत नुसत्या बाष्पानेही असा थर धरतो. म्हणून लगेच कूलंटची टाकी पाहावी. तेथे तेलाचा तवंग असेल, किंवा कूलंट गंजाच्या रंगाचे झाले असेल, तर संशय पक्का होतो. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गार असतानाच उघडावे. तापलेल्या रेडिएटरने अनेकांचे हात आणि तोंड भाजले आहे.

आता धूर. पहाटे सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ निघणे आणि दोन-चार मिनिटांत थांबणे हे स्वाभाविक आहे. गाडी तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये जळत आहे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे. पण ऑईल कोणत्या वाटेने जाते, हे धुराची वेळ सांगते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताच एक निळा झोत येऊन थांबला, तर व्हॉल्व्हची सीलं गेली असावीत, आणि तो खर्च सोसण्यासारखा असतो. अॅक्सिलरेटर दाबत असताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंग-पिस्टन झिजले आहेत. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत टर्बोच्या बेअरिंगमधूनही ऑईल जाते, हे ध्यानात ठेवावे. काळा धूर हा जादा डिझेलचा किंवा अपुऱ्या हवेचा असतो. कापूस आणि सोयाबीनच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कोंबलेला असेल तर एवढ्यानेही काळा धूर येतो. तेथून सुरुवात करावी. इंजेक्टरपर्यंत नंतर जावे.

इंजिन मंद चालू असताना ऑईलचे झाकण सैल करून तोंडावर नुसते ठेवावे. ते थोडे थरथरले तर चिंता नाही, डिझेलमध्ये तर थरथरतेच. पण ते उडू लागले आणि तोंडातून धुराचे फुत्कार निघू लागले, तर ज्वलनाचा दाब पिस्टनच्या रिंगांवरून खाली गळत आहे. मिस्त्री याला ‘ब्लो-बाय’ म्हणतात. पन्नास रुपयांच्या सुगंधी द्रव्याने धुतलेली गाडीही या परीक्षेत लपत नाही.

संशय उरलाच तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. प्रत्येक सिलिंडरचा दाब घड्याळावर पाहण्याची ही साधी रीत आहे. निरोगी पेट्रोल इंजिनात तो साधारणपणे १५० ते २०० पौंडांच्या दरम्यान येतो, डिझेलमध्ये याच्या दुपटीच्या घरात किंवा त्याहून वर. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. म्हणून आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा. तीन सिलिंडर सारखे आणि चौथा बराच खाली, हे चित्र चौघेही थोडे खाली असण्यापेक्षा अधिक वाईट आहे. पेट्रोल इंजिनात त्या दुबळ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑईलने त्यांची फट तात्पुरती भरली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांत दोष आहे. डिझेलमध्ये हा ऑईलचा प्रयोग करू नये. ज्या सौद्यात लाखांची उलाढाल आहे, त्यात या तपासाची मजुरी काटण्याचा विचार करणे म्हणजे वजन न करता पोते घेणे होय.

आवाजांविषयी बरेच गैरसमज आहेत. वरच्या बाजूने येणारी बारीक टिकटिक बहुधा टॅपेटची असते आणि ती फारशी घातक नसते. थंड इंजिन सुरू करताच दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला, तर टायमिंग चेन सैल झाली असावी किंवा तिचा ताण देणारा भाग थकला असावा. हा आवाज दुर्लक्षित करू नये. साखळी दाते सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. सर्वांत भयंकर आवाज खालून येतो. तो खोल, बोजड ठोका असतो आणि गाडीवर भार पडताच वाढतो. ती कनेक्टिंग रॉडची बेअरिंग होय. त्याची साक्ष ऑईलचा दिवा देतो: अर्धा तास चालवून पूर्ण तापलेली गाडी जागेवर उभी असताना तो दिवा लुकलुकला, तर ऑईलचा दाब राहत नाही आणि सौदा तेथेच थांबवणे हितावह.

पण घेणाऱ्याची खरी फसगत होते ती निराळ्याच ठिकाणी. दोष इंजिनात आहे की गिअरपेटीत, हेच न कळल्यामुळे. ‘गाडी उचलत नाही’ या एका वाक्यात कमकुवत इंजिन, घसरणारा क्लच, अडकलेला ब्रेक आणि गळका टर्बोचा पाइप हे सारे मावते. मिस्त्रीही कधी इंजिन उघडून बसतो आणि दोष क्लचप्लेटमध्ये निघतो. येथे एक प्रश्न विचारावा: आवाज किंवा थरथर इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलते, की गाडीच्या वेगाबरोबर?

उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, अॅक्सिलरेटर दाबताच आवाज वाढला, तर तो इंजिनचा किंवा त्याच्या पट्ट्यांचा. तेथे तो नाही, पण गाडी चालताना आहे, तर सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात क्षणभर न्यूट्रल करावे. इंजिन मात्र बंद करू नये. ते बंद केल्यास स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत जाते. फेऱ्या उतरल्या तरी घुमणारा आवाज तसाच राहिला, तर तो चाकाच्या बेअरिंगचा, टायरचा किंवा डिफरन्शिअलचा. आवाज एकाच गिअरमध्ये येतो, तर त्या गिअरच्या दात्यांत शोधावा. हा प्रयोग करायला लोणारचा रस्ता सकाळी मोकळा असतो.

क्लचच्या पेडलवरून आणखी एक भेद कळतो. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचे पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग गेली आहे. उलट पेडल मोकळे असताना घरघर आहे आणि दाबताच ती थांबते, तर गिअरपेटीच्या आतील शाफ्टची बेअरिंग झिजली आहे. पहिल्यात गिअरपेटी उतरवून भाग बदलणे एवढेच काम; दुसऱ्यात पेटी उघडावी लागते. दोन्ही आवाज कानाला सारखे, खर्च मात्र फार वेगळे.

क्लच घसरतो का, हे पाहण्यासाठी चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेऱ्यांचा काटा झपाट्याने वर गेला आणि गाडी मागेच राहिली, तर प्लेट संपली. दुसऱ्या गिअरमध्ये घेताना कर्रकन आवाज येतो, तो सिंक्रोनायझरचा. तो दोष पुढे वाढतच जातो. उतारावर अॅक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप सटकून न्यूट्रल झाला, तर पेटीचे काम मोठे आहे. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना ही परीक्षा आपोआप होते, आणि ज्याने ती आधी केली नाही त्याची भर घाटात होते. पूर्ण वळणावर गाडी हळू फिरवताना टकटक आली, तर ती गिअरपेटीची नसून पुढच्या चाकांच्या दांड्यांच्या सांध्याची असते. तेवढ्यावरून ‘गिअर गेला’ म्हणून किंमत पाडणे योग्य नाही.

एका प्रकारच्या गाडीविषयी मात्र आपल्याच वाचकांना स्वतंत्रपणे सांगावे लागेल. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात आणि संघातील एखादी गाडी पहाटे त्यांच्या मागून चालते. वाहनांपासून रक्षण व्हावे हा हेतू. ही सेवा थोर आहे. पण माणसाच्या पावलाच्या गतीने, पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून तासन् तास चाललेल्या गाडीची प्लेट फार लवकर जळते. रेडिएटरला वारा मिळत नाही, इंजिन तासांच्या हिशेबाने झिजते, आणि मीटरवर मात्र दिवसाचे पंधरा-वीस किलोमीटरच चढतात. ‘एवढीच चाललेली, संघातलीच गाडी’ म्हणून ती जास्त किमतीला घेतली जाते. श्रद्धेने घ्यावी, पण क्लच तपासून घ्यावी.

विनाक्लच गाड्यांपैकी लहान मोटारींत बहुधा एएमटी असते. भारतात ती २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून प्रथम आली. ती खरे म्हणजे साधीच गिअरपेटी असून क्लच दाबण्याचे काम यंत्र करते. त्यामुळे तिची प्लेटही झिजते, आणि चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणाऱ्या चालकाच्या हाती ती फारच लवकर झिजते. पूर्ण स्वयंचलित पेटीत ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर गाडी दोन सेकंदांहून अधिक थांबून धक्क्याने निघाली, किंवा तिच्या ऑईलला जळका वास आला, तर पुढे जाऊ नये. या पेट्या तालुक्याच्या ठिकाणी उघडल्या जात नाहीत. गाडी ओढून मोठ्या शहरात न्यावी लागते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो आपोआप स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग आणि वेगात चालावी लागते. जिनिंग, दुकान, मंदिर आणि घर एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो तुंबतो, आणि स्वच्छतेच्या अपुऱ्या प्रयत्नांत जादा डिझेल ऑईलमध्ये उतरते. अशा गाडीची ऑईलची पट्टी वरच्या खुणेच्याही वर दाखवते. ऑईल भरपूर आहे म्हणून आनंद मानू नये. ते पातळ झालेले असते. गावातल्या गावात फिरणाऱ्या कुटुंबाने पेट्रोल गाडीच पाहावी हे बरे. ज्याचा समृद्धी महामार्गाशी नित्य संबंध आहे, त्याची गोष्ट वेगळी. हा मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी खुला झाल्यापासून मेहकरहून नागपूरचा व्यापारी प्रवास बदलून गेला. पण शहरात चाळीसने फिरणारी गाडी वैशाखात वातानुकूलन लावून तेथे शंभरावर नेली की अर्धवट तुंबलेला रेडिएटर लगेच बोलू लागतो. शक्य झाल्यास घेण्यापूर्वीच एकदा न्यावी आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी.

गॅरेजमध्ये हल्ली संगणकाचा स्कॅनर असतो. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत तो चांगला उपयोगी पडतो. नोंदलेले दोष तो दाखवतो. पण विक्रीपूर्वी ते पुसून टाकणे दोन मिनिटांचे काम आहे. पुसल्यावर गाडीच्या अंतर्गत चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात आणि काही दिवस चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. स्कॅनरवर एकही दोष नाही, पण बहुतेक चाचण्या अपूर्ण, असे दिसले तर मिस्त्रीला पुन्हा एकदोन दिवसांनी पाहायला सांगावे. बॅटरीची तार काढल्यानेही असे होते, त्यामुळे मालकावर लगेच आरोप करू नये.

जुन्या काळी गिअरपेटीचा आवाज दाबण्यासाठी तिच्यात लाकडाचा भुसा घालत; आता घट्ट ऑईल आणि बाटलीतील द्रव्ये घालतात. मीटर मागे फिरवले जातात. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांचे रबर, स्टिअरिंगची झिलई, चालकाच्या आसनाची कड हे सारे मीटरपेक्षा खरे बोलते. कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात गाडी जात असेल, तर तेथील नोंदींत प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, म्हणजे चांगल्याच्या नावाखाली बनावट खपवणे. आणि सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लिखाण. मागे फिरवलेले मीटर या दोन्हींत बसते. उपासकदशांगातील आनंद श्रावकाने व्रत घेताना प्रवासाच्या पाचशे आणि मालवाहतुकीच्या पाचशे अशी गाड्यांचीही मर्यादा बांधून घेतली होती. तेव्हा वाहन हा विषय श्रावकाच्या व्रतांबाहेरचा आहे, असे मानायला आधार नाही.

कायदा मात्र विकणाऱ्याकडून याहून कमी अपेक्षा ठेवतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ खाली घोड्याचे उदाहरण दिले आहे. आपला घोडा सदोष आहे हे ठाऊक असून मालक लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणाऱ्याने ‘तुम्ही नाकारले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो’ असे म्हटले आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच. शिवाय कलम १९ म्हणते की, साधी दक्षता घेऊन सत्य कळू शकत असेल, तर मौनाने झालेल्या फसवणुकीवरून करार रद्द करता येत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा की, थंड गाडी न पाहता, पट्टी न काढता घेतलेल्या मोटारीबद्दल नंतर तक्रार करणाऱ्याची बाजू लंगडी पडते. म्हणून ‘इंजिन उघडले आहे का, गाडी पुरात बुडाली होती का, क्लच केव्हा बदलला’ हे तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत आणि उत्तरे सौदापावतीवर लिहून घ्यावीत. साधर्मिक असला तरी. किंबहुना साधर्मिक असला तर अधिकच, कारण तेथे बिघाड झाल्यावर पैशांबरोबर येणे-जाणेही तुटते.

विकणाऱ्यानेही हा कागद नाकारू नये. ‘दुसऱ्या गिअरला थोडा कर्रकन आवाज, क्लच जुना, किंमत त्यानुसार’ एवढे लिहून दिलेल्या गाडीला दहा-पंधरा हजार कमी येतील. मेहकरच्या पेठेत ज्याच्याशी उद्या तुरीचा सौदा करायचा आहे, त्याच्याशी आज मोटारीचा करताना हा हिशेब फार अवघड नसावा.

नावांतर लांबवू नये. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे राज्यातच नोंदलेली गाडी विकल्यावर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. नावांतर झाले नाही तोवर कागदोपत्री मालक जुनाच. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताची भरपाई अशा नोंदणीकृत मालकावरच टाकली, गाडी मध्यंतरी अनेक हातांतून गेलेली असतानाही. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर त्यांची एक प्रत विकणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी आणि अर्ज खरोखर दाखल झाला का, हे महिन्याभराने बुलढाण्याच्या कार्यालयात किंवा परिवहन संकेतस्थळावर पाहून घ्यावे.